बडोद्याच्या घरात राउटर नीट लावायचा तर

नेट अडकतं अशी तक्रार घरात सुरू झाली की पहिला उपाय ठरलेला: प्लॅन वाढवायचा. १०० एमबीपीएसचे ३०० होतात, बिल वाढतं, आणि मागच्या खोलीत आजीचा नातवाशी चाललेला व्हिडिओ कॉल पूर्वीसारखाच मधेच थिजतो. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या घरांत हे फार दिसतं, आणि मांजलपूर-गोत्रीकडच्या नव्या फ्लॅटमध्येही दिसतं. बहुतेक वेळा लाइन चांगली असते. बिघाड असतो तो घरातल्या डब्यांच्या कामाच्या वाटणीत. दोन डबे एकच काम करत असतात, किंवा एखादं काम कोणाकडेच सोपवलेलं नसतं. म्हणून लाइन जिथून घरात येते तिथून सुरुवात करा, एकेक टप्पा पक्का करत आत या, आणि एका वेळी एकच सेटिंग बदला. बदल केल्यावर दहा मिनिटं नेट वापरून बघा, मगच पुढच्या पानावर जा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट बंद पडलं, तर कशाने पडलं ते शोधण्यात रविवार जातो.

वही आणि केबल

एक वही घ्या आणि ती राउटरजवळच ठेवा. त्यात कंपनीचा ग्राहक क्रमांक, जोडणीचा प्रकार, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी लावण्याची पद्धत) असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड, व्हीलॅन क्रमांक (कंपनीने जोडणीला दिलेली खूण), राउटरच्या तळाच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) आणि वायफायचं सध्याचं नाव-पासवर्ड लिहून ठेवा. यातला पीपीपीओईचा पासवर्ड सगळ्यांत महत्त्वाचा. राउटरच्या पानावर तो ठिपक्यांआड झाकलेला असतो आणि रीसेट केल्यावर पुसला जातो. तो कंपनीकडून आधीच मागून घ्या.

सेटिंग बदलताना लॅपटॉप लॅन केबलने जोडा. वायफायवरून वायफायचीच सेटिंग बदलायला गेलात तर मधेच जोडणी तुटते आणि बदल जपला गेला की नाही ते कळत नाही. राउटरचं पान बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडतं. उघडलं नाही तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. डिफॉल्ट गेटवेसमोर दिसतो तो राउटरचा पत्ता. (कमांड आणि पत्ते अर्थातच इंग्रजी लिपीत, इंग्रजी आकड्यांत टाइप करायचे.) आत गेल्यावर लगेच दोन कामं उरकून घ्या. ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, आणि बॅकअप किंवा सेव्ह कॉन्फिगरेशन या बटणाने आताच्या सेटिंगची फाइल लॅपटॉपवर उतरवून ठेवा. पुढे काही बिनसलं तर ही फाइल परत चढवली की दोन मिनिटांत मूळ स्थिती येते. नवीन फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) आलं असेल तर तेही आत्ताच चढवा, पण केबलवरून, आणि लाइट जाणार नाही अशा वेळी. फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होऊ शकतो.

आधी लाइन

फायबर जिथे घरात येते तिथला डबा म्हणजे ओएनटी. बऱ्याच घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. त्यावरचा पॉन दिवा स्थिर हिरवा हवा आणि एलओएस दिवा विझलेला हवा. एलओएस लाल पेटला म्हणजे प्रकाश पोहोचतच नाही. तेव्हा सेटिंगमध्ये काही शोधू नका.

दिवे ठीक असले तरी डब्याच्या पानावर ऑप्टिकल पॉवरचा आकडा बघा. तो उणे डीबीएममध्ये (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) असतो. जीपॉन, म्हणजे घरगुती फायबरच्या नेहमीच्या लाइनवर उणे १५ ते उणे २४ हा निवांत पट्टा. उणे २५ च्या खाली गेलात की काठावर आलात, आणि उणे २७ च्या आसपास जोडणी तुटू-जुळू लागते. आजचा आकडा तारखेसह वहीत लिहा; तो पुढे कामाला येणार आहे. आकडा वाईट असेल तर आधी पिवळी किंवा पांढरी पॅचकॉर्ड बघा. कपाटामागे चेंगरलेली, खिळ्यावर घट्ट गुंडाळलेली किंवा दारात दबलेली असते. तिचं वळण निदान ३ सेंटीमीटर त्रिज्येचं तरी राहू द्या. टोकाचं हिरवं कनेक्टर काढलंत तर आतल्या पांढऱ्या टोकाला बोट लावू नका, आणि त्यात डोळा घालून पाहू तर नकाच. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

अडॅप्टरही तपासा. बहुतेक डब्यांना १२ व्होल्ट लागतात, पण ॲम्पिअर वेगवेगळे असतात: १, १.५ किंवा २. डब्यावर १.५ लिहिलेलं असताना जुन्या सेट-टॉप बॉक्सचा १ ॲम्पिअरचा अडॅप्टर लावला की डबा चालू होतो, दिवसभर चालतोही, आणि संध्याकाळी सगळी उपकरणं जोडली गेली की आपोआप रीस्टार्ट होतो. लोक मग लाइनला दोष देतात. लाइट गेल्यावर नेट चालू ठेवण्यासाठी मिनी यूपीएस घेतलात तर त्याचे व्होल्ट-ॲम्पिअरही असेच जुळवून घ्या, आणि ओएनटी वेगळा असेल तर त्यालाही त्याच्यावर घ्या. नुसता राउटर जागा राहून उपयोग नाही.

आता केबलने स्पीड टेस्ट करा. आकडा ९४ च्या आसपास अडला आणि प्लॅन त्याहून मोठा असला, तर कारण जवळपास नक्की असतं: लॅनची एखादी जोडणी १०० एमबीपीएसवर चालली आहे. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या, म्हणजे आठही तारा लागतात. एक तार क्लिपमध्ये सैल राहिली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. केबल बदलून बघा. नवी घेताना कॅट ५ई किंवा कॅट ६, आणि शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण वाकवताना तार तुटते आणि लांब अंतरावर त्रास देते.

पत्ते वाटणारा एकच

कंपनीच्या डब्याचं वायफाय पुरत नाही म्हणून आपण स्वतःचा राउटर आणतो आणि त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या खाचेत, केबल घालतो. नेट चालतं, पण आता घरात दोन राउटर आहेत. दोघंही उपकरणांना पत्ते वाटतात (याला डीएचसीपी म्हणतात), दोघंही नॅट करतात, म्हणजे घरातली सगळी उपकरणं एका बाहेरच्या पत्त्यामागे ठेवतात. प्रिंटर एकाच्या हाताखाली गेला आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या, की प्रिंट निघत नाही. गेममध्ये जोडणी कडक (स्ट्रिक्ट) दाखवते, कॅमेरा बाहेरून दिसत नाही. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असला तर नेटच बंद पडतं, कारण कुठलं दार आतलं आणि कुठलं बाहेरचं हे राउटरला कळत नाही.

यातून सुटायचे दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे आपल्या राउटरला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय पुरवणारा डबा करायचं. मेनूत तसा मोड असेल तर तो निवडा. नसेल तर हाताने करा: आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग त्याचं डीएचसीपी बंद करा, आणि कंपनीच्या डब्याकडून येणारी केबल वॅनमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. क्रम हाच ठेवा. डीएचसीपी आधी बंद केलंत तर पत्ता बदलायला पानच उघडणार नाही.

दुसरा रस्ता ब्रिज मोडचा. कंपनीच्या डब्याने फक्त प्रकाशाचं नेट करायचं, बाकी सगळं आपला राउटर बघेल. ज्यांना पुढे येणारी रांगेची सेटिंग किंवा व्हीपीएन (बाहेरून आपल्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित वाट) हवं आहे त्यांनी हा घ्यावा, आमचा कल याच्याकडेच आहे. त्यासाठी पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक आपल्या राउटरच्या वॅन पानावर भरावे लागतात. व्हीलॅन चुकला तर दिवे सगळे हिरवे दिसतात आणि तरी जोडणी लागत नाही. त्याच डब्यावर लँडलाइन फोन चालत असेल तर ब्रिज केल्यावर तो चालू राहील का, हे कंपनीला आधी विचारा. काही ठिकाणी केबलवाल्याने जोडणी जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला बांधलेली असते. अशा वेळी नव्या राउटरच्या वॅन पानावर मॅक क्लोनमध्ये जुना पत्ता भरायचा किंवा त्यांना नवा कळवायचा.

पीपीपीओईवर एमटीयू, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवा. इथरनेटच्या १५०० मधले ८ बाइट पीपीपीओई स्वतःसाठी घेतं. आकडा चुकला की विचित्र लक्षण दिसतं: काही साइट झटकन उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, ऑफिसचं व्हीपीएन जोडलं जातं पण त्यातून काहीच हलत नाही. तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंग, मग -एफ, मग -एल १४६४ आणि शेवटी १.१.१.१ द्या. १४६४ मध्ये पाकिटाच्या शीर्षांचे (हेडरचे) २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. तुकडे करावे लागतील असा संदेश आला तर १४६४ मधून दहा-दहा कमी करत जा. ज्या आकड्याला उत्तर येईल त्यात २८ मिळवा, तो तुमचा एमटीयू.

घरातले पत्ते

डीएचसीपीची रेंज १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.२०० ठेवा. २ ते ९९ हे पत्ते कायम एका जागी राहणाऱ्या उपकरणांसाठी मोकळे राहतात: प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, दुसरा ॲक्सेस पॉइंट. पत्ता उपकरणात जाऊन भरण्यापेक्षा राउटरमध्येच मॅकप्रमाणे राखून ठेवा, म्हणजे सगळी यादी एका पानावर दिसते. काही राउटर राखीव पत्ता रेंजच्या आतलाच मागतात. तसं असेल तर रेंज २ पासून सुरू करा. फोनचा पत्ता राखताना एक गोष्ट अडते. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला खरा मॅक न देता बनावट देतात. घरच्या वायफायपुरता फोनमधला हा पर्याय बंद करावा लागतो, नाहीतर मुलांच्या फोनला लावलेली वेळेची मर्यादाही चुकते. ती मर्यादा लावण्याआधी राउटरचा टाइमझोन यूटीसी अधिक ५:३० आहे ना, हेही बघा.

डीएनएससाठी, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेसाठी, १.१.१.१ किंवा ८.८.८.८ चालतात. घातक साइट अडवणारा ९.९.९.९ आहे, आणि लहान मुलं असलेल्या घरात १.१.१.३, तो घातक साइटबरोबर प्रौढांच्या साइटही अडवतो. दुसऱ्या रकान्यात त्याच सेवेचा दुसरा पत्ता भरा, १.१.१.३ ला १.०.०.३. तिथे ८.८.८.८ भरलंत तर काही वेळा प्रश्न तिकडे जातात आणि गाळणी निरुपयोगी ठरते. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) कंपनी देत असेल तर चालू ठेवा, पण त्याचं डीएनएसही बदला, आणि त्याची फायरवॉल चालू आहे याची खात्री करा.

वायफाय: भिंती, शेजारी आणि चॅनल

वायफायचे दोन पट्टे असतात: ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण कमी पोहोचणारा, २.४ हळू पण लांब पोहोचणारा. जुन्या वाड्यांच्या विटांच्या जाड भिंतींपुढे ५ गिगाहर्ट्झचं काही चालत नाही. ओसरीवर राउटर, मधे माजघर, मागे स्वयंपाकघर अशी रांग असेल तर तिसऱ्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ जवळपास संपलेलं असतं. २.४ पोहोचतं, पण ते शेजाऱ्यांचंही पोहोचतं, आणि भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या पोळमध्ये (जुन्या गल्लीत) एका खोलीत पंधरा-वीस नावं दिसणं नेहमीचं आहे.

जागेपासून सुरू करा. राउटर जमिनीवर, लोखंडी कपाटावर, आरशामागे, टीव्हीच्या पाठीमागे किंवा माठाशेजारी नको. पाणी आणि धातू दोन्ही लहरी खातात. घराच्या मध्याजवळ, पाच-सहा फुटांवर, हवा लागेल अशी फळी उत्तम. मे महिन्यात बडोद्याचं तापमान ४० अंशांपलीकडे जातं. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवलेला डबा दुपारी तापून रीस्टार्ट होतो. विश्वामित्रीच्या काठच्या सखल भागात तळमजल्यावर राहत असाल तर ओएनटी आणि प्लग दोन्ही उंचावर बसवून घ्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी घराघरांत शिरलं होतं.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि १, ६, ११ यांतलाच एक चॅनल घ्या. एकमेकांवर न चढणारे हे तीनच आहेत. ऑटो आणि ४० मेगाहर्ट्झ अशी मूळ सेटिंग असते; दाट वस्तीत ती शेजाऱ्यालाही त्रास देते आणि आपल्यालाही. फोनवर वायफाय ॲनालायझर ॲप टाकून, जिथे त्रास आहे त्या खोलीत उभं राहून बघा. राउटरजवळ उभं राहून बघितलं तर चुकीचं चित्र दिसतं. सगळीकडे गर्दी असेल तर ज्या चॅनलवरचे शेजारी सर्वांत क्षीण आहेत तो घ्या. ३ किंवा ४ मोकळा दिसला म्हणून तिथे बसू नका. तिथे १ आणि ६ अशा दोन्हीकडचा गोंगाट ऐकू येतो, आणि वेगळ्या चॅनलवर असल्यामुळे पाळीपाळीने बोलताही येत नाही.

५ गिगाहर्ट्झवर रुंदी ८० ठेवा. आधी राउटरचा देश भारत निवडा, कारण चॅनलची यादी त्यावर ठरते. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ हे दोन गट बिनभानगडीचे. मधले ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनल रडारबरोबर वाटून घ्यायचे आहेत. त्यांवर राउटर सुरू होताना निदान एक मिनिट कानोसा घेतो, आणि पुढे रडारची चाहूल लागली तर चॅनल सोडून देतो. तेव्हा कॉल तुटतो. ऑफिसचं काम घरून करणाऱ्यांनी हे टाळावेत. १६० मेगाहर्ट्झ रुंदी निवडली की हे चॅनल आपोआप आत येतात, हे लक्षात ठेवा.

सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ (वायफायच्या कुलपाची नवी पद्धत), आणि जुनी उपकरणं जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र. टीकेआयपी ही जुनी पद्धत कुठेही निवडलेली नको. त्याने सुरक्षा तर कच्ची राहतेच, वेगही ५४ एमबीपीएसवर अडतो. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुधा फक्त २.४ वर चालतात, म्हणून दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं द्यावीत की एकच, हा प्रश्न येतो. मोबाइल फिरवत कॉल करणाऱ्यांच्या घरात एकच नाव सोयीचं, आणि बल्बांसाठी गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) फक्त २.४ वर चालू करायचं.

मागची खोली तरीही कोरडी राहिली तर तिथपर्यंत केबल टाका आणि ॲक्सेस पॉइंट बसवा. वायफायनेच वायफाय पुढे ढकलणारा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. केबल बाहेरून न्यायची असेल तर उन्हात टिकणाऱ्या काळ्या आवरणाची घ्या. मात्र गच्चीवरून दुसऱ्या इमारतीत तांब्याची लॅन केबल नेऊ नका. पावसाळ्यात वीज कडाडली की दोन्ही टोकांची उपकरणं जळू शकतात. तिथे फायबरच हवी.

रांग

घरातल्या एकाने गच्चीवरचे फोटो क्लाउडवर चढवायला घेतले की दुसऱ्याचा कॉल तुटतो. याला वेग कमी पडणं कारणीभूत नसतं. राउटरच्या आत डेटाच्या पाकिटांची लांब रांग साचते आणि आवाजाचं छोटं पाकीट तिच्या शेवटी उभं राहतं. तपासायला पिंग -टी ८.८.८.८ चालू ठेवा आणि एक मोठी फाइल अपलोड करा. मोकळ्या लाइनवर १५-२० मिलिसेकंद असलेलं उत्तर २०० च्या वर गेलं तर हाच रोग आहे.

राउटरमध्ये एसक्यूएम, केक किंवा एफक्यू-कोडेल अशी रांग आटोक्यात ठेवणारी सोय असेल तर ती चालू करा आणि अपलोड-डाउनलोड दोन्हींची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के भरा. केबलने ९४ मिळत असतील तर ८५. दहा टक्के सोडल्याने रांग राउटरच्या ताब्यात राहते, कंपनीच्या डब्यात साचत नाही. ९० टक्के भरूनही पिंग चढत असेल तर ८५ टक्के करा. साधं क्यूओएस (कोणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) असेल तर तिथे उपकरणांची क्रमवारी लावण्याच्या फंदात न पडता फक्त एकूण मर्यादा भरा. ३०० च्या वरच्या प्लॅनवर स्वस्त राउटरचा प्रोसेसर या कामात थकतो. चालू केल्यावर वेग १५० वर आला तर मर्यादा फक्त अपलोडला लावा.

बंद करायची दारं

डब्ल्यूपीएस (बटण दाबून वायफाय जोडण्याची सोय) बंद. रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळणं) बंद. यूपीएनपी (उपकरणांनी स्वतःहून पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचं दार, उघडणं) बंद, आणि त्यानंतर एखादा गेम अडला तर त्याच्यापुरतं पोर्ट हाताने उघडा. डीएमझेडमध्ये, म्हणजे सगळी दारं उघडी असलेल्या जागी, कुठलंही उपकरण टाकू नका. कॅमेरे, टीव्ही, बल्ब गेस्ट नेटवर्कवर आणि आयसोलेशन (मुख्य नेटवर्कपासून अलग ठेवणं) चालू, म्हणजे त्यांच्यातला एखादा बाधित झाला तरी लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही. फोनवरून टीव्हीवर चित्र टाकायची सवय असेल तर मात्र टीव्ही मुख्य नेटवर्कवरच ठेवावा लागेल.

दुकानातला कॅमेरा घरून बघायचा म्हणून दुकानाच्या राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं (बाहेरचं दार कॅमेऱ्याकडे वळवलं) आणि चाललं नाही, तर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांनी सुरू होत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलं आहे. आपल्या राउटरवर कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचं दार आपल्या हातात नाही. मग कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा सार्वजनिक पत्ता घ्या, किंवा आयपीव्ही६ वरून वायरगार्ड हे व्हीपीएन लावा. कॅमेऱ्याचं पोर्ट सरळ इंटरनेटला उघडण्यापेक्षा व्हीपीएन केव्हाही बरं.

उत्तरायणाच्या आठवड्यात

१४ आणि १५ जानेवारीला पतंगाचा मांजा गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या फायबरवर घासतो, अडकलेला पतंग ओढताना केबल ताणली जाते, आणि शहरभर जोडण्या तुटतात. एलओएस लाल झाला असेल तर राउटर रीसेट करू नका. रीसेटचं बटण दहा सेकंद दाबल्याने प्रकाश परत येत नाही, पीपीपीओईची माहिती मात्र जाते, आणि मग लाइन जोडली गेल्यावरही नेट सुरू होत नाही. तक्रार नोंदवा आणि डबा चालू ठेवा. तुटलेली केबल गच्चीवर लोंबकळत असेल तर टोकाला हात लावू नका, त्यातले काचेचे तुकडे बोटात रुततात.

कंपनीचा माणूस जोड मारून खाली आला की तो निघण्याआधी ओएनटीचं पान उघडा आणि पॉवरचा आकडा वहीतल्या आकड्याशी ताडा. चांगल्या जोडात डीबीचा दशांशच जातो. पूर्वी उणे २० असलेला आकडा आता उणे २५ असेल तर जोड कच्चा आहे किंवा केबल अजून कुठेतरी दबली आहे. नेट तेव्हा चालूच असतं, म्हणून पुष्कळ जण तिथेच थांबतात. आकडा दाखवून जोड परत मारून घ्या, आणि नवा आकडा तारखेसह जुन्याच्या खाली लिहा.